नव्या पेडेस्टलवर सारखी ट्रिप होणारी जुनी शिडाची बोट: एक प्रकरण

बोट १९८४ सालची, तीस फुटी, फायबरग्लासची, एका शिडाच्या काठीची, आत छोटं डिझेल इंजिन. जागा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या अगदी वरच्या टोकाला, हॅव्हर डी ग्रेस गावाजवळ, जिथे सस्क्वेहॅना नदी उपसागराला मिळते. नदी तिथेच येऊन पडते त्यामुळे पाणी जवळपास गोडंच, आणि या सगळ्या प्रकरणात ते गोड पाणी फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे येईलच. बोटीचा मालक माझा मित्र, मूळचा कोल्हापूरचा, मी स्वतः इलेक्ट्रिकलवाला, त्यामुळे त्याने फोन केला तेव्हा तक्रार सरळ होती: जुन्या मरीनात (म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यात) वर्षानुवर्षं काही त्रास नव्हता, या नव्या मरीनात बोट आणल्यापासून डॉकवरचा ब्रेकर उडतोय, नवीन पेडेस्टलच खराब आहेत, ऑफिसला सांगून बदलून घेतो.

ज्यांना बोटीचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धक्क्याला लागलेली बोट डॉकवरच्या खांबातून, म्हणजे पेडेस्टलमधून, जाड केबलने वीज घेते. अमेरिकेत बहुतेक छोट्या बोटींना १२० व्होल्ट, ३० अँपिअर. ती वीज बोटीच्या पॅनेलला येते, तिथून बॅटरी चार्जर, पाण्याचा हीटर आणि भिंतीतली आउटलेट्स. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, एक आउटलेट, टॉयलेटमध्ये एक, कॉकपिटजवळ, म्हणजे सुकाणूच्या उघड्या जागेजवळ, एक. गॅली, हेड (बोटीवरचं टॉयलेट), इंजिनरूम आणि उघडा डेक अशा ठिकाणच्या आउटलेट्सना जीएफसीआय, म्हणजे ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर, हवंच असं एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं ई-११ स्टँडर्ड सांगतं. आपल्याकडे घराच्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो ना, तोच प्रकार, फक्त हा आउटलेटमध्येच बसवलेला आणि ५ मिलिअँपिअरच्या आसपास उडणारा. आत एक छोटी रिंग असते, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यातून जातात, जितका करंट गेला तितका परत आला तर रिंगला काही जाणवत नाही, थोडासा जरी दुसऱ्या वाटेने गेला तर फरक पकडला जातो आणि सर्किट तुटतं. १९६१ मध्ये बर्कलीच्या चार्ल्स डॅलझील या प्राध्यापकांनी हे बनवलं, माणसाला किती करंटने काय होतं यावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं.

आता नवं मरीना आणि जुनं मरीना यात फरक काय तर अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने २०११ मध्ये मरीनाच्या सप्लायला १०० मिलिअँपिअरपर्यंतचं ग्राउंड फॉल्ट प्रोटेक्शन घातलं, २०१७ मध्ये ते ३० वर आणलं, आणि २०२० पासून बोटींना किनाऱ्यावरची वीज (शोअर पॉवर) देणाऱ्या आउटलेटला ३० आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या मुख्य वायरीला, म्हणजे फीडरला, १०० अशी विभागणी केली. जुन्या डॉकला हे लगेच लागू होत नाही, नव्याने वायरिंग केलं की लागू होतं. म्हणजे जुन्या धक्क्यावर साधा ब्रेकर होता, त्याला फक्त ओव्हरलोड आणि शॉर्ट कळायचं. लीकेज, म्हणजे भलत्या वाटेने निसटणारा करंट, कितीही असो त्याला पत्ताच नाही. त्यामुळे "तिथे चालत होतं" हे वाक्य बोटीबद्दल काहीच सांगत नाही.

मी मित्राला पहिला प्रश्न विचारला की नेमका केव्हा उडतो. त्याने दिलेलं उत्तर ऐकून मला वाटलं हे प्रकरण नीट बघायला पाहिजे. फोन चार्जिंगला लावला तर काही होत नाही. किटली किंवा पाण्याचा हीटर लावला की लगेच उडतो. बॅटरी चार्जर लावला तर कधी उडतो कधी नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे रात्री, थंडीत, त्याचं सगळं बंद असताना, फक्त मेन चालू ठेवलेला, तरी सकाळी उठून बघतो तर उडालेला. त्याचा निष्कर्ष होता ओव्हरलोड. पण हीटर १५०० वॉटचा, म्हणजे १२.५ अँपिअर, ३० च्या ब्रेकरला तो काहीच नाही. आणि रात्री तर लोडच नव्हता.

शेजारच्या बोटीवाल्याने त्याच पेडेस्टलवर आपली केबल लावून दाखवली, हीटर चालवला, ब्रेकर ढिम्म. पेडेस्टल खराब हा विषय तिथेच संपला.

मग पहिली चाचणी, वीज अजिबात न लावता. केबल डॉकवरून काढली, बोटीकडची बाजू तशीच इनलेटला, म्हणजे बोटीवरच्या केबल लावायच्या सॉकेटला, लावलेली, डॉककडच्या प्लगच्या न्यूट्रल आणि ग्राउंड या दोन पिनांमध्ये मीटर. बोटीत न्यूट्रल आणि ग्राउंड कुठेही जोडलेले असता कामा नयेत, ते जोडायचे फक्त वीज जिथे तयार होते तिथे, म्हणजे किनाऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला, किंवा बोटीवर जनरेटर, इन्व्हर्टर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्यापाशी. घरात मेन पॅनेलमध्ये ते जोडलेले असतात, आणि घराचं काम करणारे लोक बोटीवरही तेच करतात, म्हणून माझा पहिला संशय तिथेच होता. मेन ऑन केला, मीटर बघितलं, ओपन. काहीच जोडलेलं नाही. संशय चुकीचा असं कुणालाही वाटलं असतं.

पण मग पॅनेल उघडलं आणि थेट आतल्या न्यूट्रल बस आणि ग्राउंड बसमध्ये मीटर लावलं तर जवळपास शून्य ओहम. बारकाईने पाहिलं तर दोन्ही पट्ट्यांच्या शेवटच्या स्क्रूंमध्ये घरगुती वायरिंगचा एक वीतभर तांब्याचा सॉलिड तुकडा अडकवलेला, इन्सुलेशन सोललेलं, तांबं हिरवं पडलेलं, बाकीच्या वायरी टिनकोटेड आणि क्रिंप केलेल्या असताना हा एकटा वेगळाच उठून दिसत होता. म्हणजे आत जोडलेलं आहे, पण प्लगपाशी दिसत नाही. याचा अर्थ एकच, मधली ग्राउंडची हिरवी वायर कुठेतरी तुटलीय. इनलेट खोलला तर ग्राउंडची पिन मागून पूर्ण गंजून गेलेली, रिंग टर्मिनलला हात लावला तसं ते गळून हातात आलं.

इथे मी थांबलो आणि मित्राला बाजूला बसवून कागदावर काढून दाखवलं, कारण हे समजल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नव्हता. जुन्या मालकाने कधीतरी तीन दिव्यांचा टेस्टर आउटलेटमध्ये घातला असणार, त्यावर ओपन ग्राउंड दाखवलं असणार, कारण ग्राउंड खरंच तुटलेलं होतं. तुटलेली जागा शोधायच्या ऐवजी त्याने आत न्यूट्रलवरून ग्राउंड घेतलं, टेस्टरचे दोन दिवे बरोबर लागले, काम झालं. त्या टेस्टरला हा फरक कळूच शकत नाही, त्याला ग्राउंडच्या भोकात न्यूट्रलचं पोटेन्शिअल मिळालं की तो खूश.

आता बोटीची ग्राउंड बस इंजिनला जोडलेली असते, इंजिन शाफ्टला, शाफ्टच्या टोकाला ब्रॉन्झचा पंखा (प्रोपेलर), तो पाण्यात. शिवाय या बोटीत काठी आणि तिला धरणाऱ्या तारांच्या लोखंडी पट्ट्यासुद्धा बाँडिंगने जोडलेल्या. त्या तांब्याच्या तुकड्यामुळे, म्हणजे जंपरमुळे, न्यूट्रल थेट या सगळ्याला जोडला गेला, आणि किनाऱ्याला परत जाणारी हिरवी वायर मेलेली, म्हणजे न्यूट्रलला जी दुसरी वाट मिळाली ती फक्त पंख्यातून पाण्यात, पाण्यातून जमिनीत, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरला. हीटर चालू केला की साडेबारा अँपिअर न्यूट्रलमधून परत जाताना लांबलचक डॉकच्या वायरीत दीड-दोन व्होल्टचा ड्रॉप येतो, म्हणजे बोटीवरचा न्यूट्रल जमिनीपेक्षा तितका वर. गोड पाण्यात पंखा ते जमीन रेझिस्टन्स वीस-पंचवीस ओहम धरला तरी सत्तर-ऐंशी मिलिअँपिअर पाण्यातून जाणार. पेडेस्टलची मर्यादा ३०. उडणारच. फोनच्या चार्जरने ड्रॉपच येत नाही म्हणून उडत नाही, बॅटरी चार्जर बॅटरी किती रिकामी आहे त्यावर करंट घेतो म्हणून कधी उडतो कधी नाही, आणि रात्री शेजारपाजारच्या बोटींचे रूम हीटर लागले की डॉकचा सामाईक न्यूट्रल त्यांच्या लोडने वर जातो, मग याच्या बोटीवर काही चालू नसलं तरी मेनमधून जंपर, जंपरमधून पंखा आणि पाणी. चारही लक्षणं एका तारेच्या तुकड्यातून बाहेर आली. मला हे जुळल्यावर खूप बरं वाटलं आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला, कारण मित्राची मुलं उन्हाळ्यात जुन्या मरीनात बोटीच्या शिडीवरून पाण्यात उड्या मारायची, आणि त्या धक्क्यावर हे पकडणारं काहीच नव्हतं.

गोड पाण्याचा मुद्दा हाच. समुद्राचं खारं पाणी शरीरापेक्षा कितीतरी चांगलं वाहक, करंट माणसाला वळसा घालून निघून जातो. गोडं पाणी शरीरापेक्षा वाईट वाहक, मग करंटला पोहणाऱ्याच्या शरीरातून जाणं सोपं पडतं. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आपल्या ताब्यात राहत नाहीत, हातपाय हलत नाहीत, माणूस बुडतो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त बुडाला एवढंच दिसतं, शरीरावर खूण नसते. म्हणून चालू डॉकच्या आसपास पोहूच नये, आणि पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर शिडीकडे किंवा बोटीकडे न येता आल्या वाटेने डॉकपासून लांब जायचं. वर उभ्या असलेल्यांनी आधी वीज तोडायची, फ्लोट फेकायचा, मागोमाग उडी मारायची नाही. वाचवायला गेलेली माणसंही अशीच गेलेली आहेत.

त्या जंपरची अजून एक करामत होती. पॅनेलवर रिव्हर्स पोलॅरिटीचा लाल दिवा असतो, तो न्यूट्रल आणि ग्राउंडच्या मध्ये जोडलेला असतो, कुठे फेज-न्यूट्रल उलटे आले तर त्याला १२० व्होल्ट मिळून तो पेटतो. जंपरने त्याची दोन्ही टोकं एकत्र बांधली. म्हणजे एखाद्या डॉकवर वायर उलट्या आल्या असत्या तर जंपरमधून फेज थेट इंजिनला, काठीला, रेलिंगला, आणि इशाऱ्याचा दिवा बंदच. ग्राउंड वायर तुटलेली असल्यामुळे साधा ब्रेकरसुद्धा उडेलच असं नाही, पाण्यातून जाणारा करंट ३० अँपिअरच्या जवळपासही पोचत नाही. ही गोष्ट मित्राला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "अरे, मग आउटलेटला जीएफसीआय आहे ना, ते कशाला लावलंय?"

प्रश्न अगदी योग्य आहे आणि बऱ्याच बोटीवाल्यांचा गैरसमज इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जीएफसीआय आउटलेट आपल्या पुढे जे आहे तेवढंच बघतं. गॅलीतल्या आउटलेटला लावलेल्या किटलीतून लीकेज झालं तर ते पकडेल. जंपर मागे पॅनेलमध्ये आहे, हीटर वेगळ्या सर्किटवर आहे, चार्जर वेगळ्या सर्किटवर, यातलं त्याला काहीही दिसत नाही. केबिनमध्ये ओल्या हाताने काम करणाऱ्या माणसासाठी ते आहे आणि त्या कामाला उत्तम आहे, ५ मिलिअँपिअर म्हणजे धक्का बसेल पण हात सोडवता येईल. पाण्यातल्या माणसासाठी संपूर्ण बोटीवर लक्ष ठेवणारं काहीतरी इनलेटपाशी लागतं, ते म्हणजे ईएलसीआय, ३० मिलिअँपिअर, १०० मिलिसेकंदात तोडणारा मेन ब्रेकर, इनलेटपासून १० फुटांच्या आत. नव्या बोटींना साधारण २०१० नंतर तो आला. १९८४ च्या बोटीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि गॅलीतलं ते आउटलेट तरी धड होतं का? टेस्टचं बटण दाबलं, टक् आवाज आला, पण आउटलेटला लावलेला दिवा चालूच राहिला. आतले संपर्क दमट हवेने चिकटलेले. २०१५ च्या मध्यापासून बनणाऱ्या जीएफसीआयना स्वतःची चाचणी स्वतः घेण्याची सोय सक्तीची झाली, हे त्याच्या आधीचं, त्यामुळे मेलेलं असूनही बाहेरून जिवंत. मागे बघितलं तर टॉयलेट आणि कॉकपिटची आउटलेट्स त्याच्या लाइनच्या स्क्रूवरूनच पुढे नेलेली. पुढची आउटलेट्स लोडच्या स्क्रूवरून घेतली तरच त्यांना संरक्षण मिळतं, लाइनवरून घेतली तर ती साधी आउटलेट्सच राहतात, मग त्यांच्या तोंडावर जीएफसीआय प्रोटेक्टेड असं स्टिकर लावा की न लावा. इथे स्टिकर लावलेलं होतं. बेसिनच्या शेजारी, जिथे मित्राची बायको हेअर ड्रायर लावते तिथे, स्टिकर आहे आणि संरक्षण नाही.

दुरुस्ती सांगतो. पहिल्यांदा इनलेट बदलला आणि हिरवी वायर पॅनेलपर्यंत नवी ओढली, आणि मगच जंपर काढला. क्रम उलटा केला असता तर मधल्या काळात बोटीला ग्राउंडच राहिलं नसतं. मग परत प्लगपाशी मीटर लावलं, न्यूट्रल ते ग्राउंड ओपन, हिरवी पिन ते इंजिन ब्लॉक एक ओहमच्या आत. डॉकला लावलं, मेन ऑन, चार्जर ऑन, सगळं शांत. हीटर ऑन केला, शांत. मित्र चहाच्या तयारीला लागला आणि दहाएक मिनिटांत ब्रेकर परत उडाला.

हा दुसरा दोष, पहिल्याच्या आड लपलेला. हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून एलिमेंट ते टाकी रेझिस्टन्स बघितला, थंड असताना चौदा किलोओहमच्या आसपास, म्हणजे १२० व्होल्टला साधारण साडेआठ मिलिअँपिअर, ३० च्या खाली. तापल्यावर चिरलेलं आवरण उघडतं, पाणी आत शिरतं आणि लीकेज वाढत जातं. एलिमेंट काढलं तर वळणापाशी केसाएवढी बारीक चीर, कडेला पांढरे क्षार. आपल्याकडे गीझर लावला की थोड्या वेळाने आरसीसीबी पडतो आणि लोक आरसीसीबीच काढून टाकतात, तंतोतंत तीच गोष्ट. असं करू नका हो, एलिमेंट काही शे रुपयांचं असतं. इथे एलिमेंट बदललं, मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, मोजलं, नीट आलं.

मग पॅनेलच्या आधी ईएलसीआय बसवला. गॅलीत नवीन जीएफसीआय, दमट जागेसाठी असतो तो डब्ल्यूआर खुणेचा, आणि हेड-कॉकपिट दोन्ही त्याच्या लोडवर. तिथली घरगुती सॉलिड वायर पूर्ण काढली. बोट सतत हलते, सॉलिड तार वाकून वाकून तुटते, एबीवायसीला ती चालतच नाही, मल्टिस्ट्रँडच हवी, टिन केलेली असली तर उत्तम, आणि आउटलेटच्या पाठीमागच्या ढकलून बसवायच्या भोकांत न घालता प्लेटखाली स्क्रूने आवळायची. एक काळजी घ्यावी लागते की लोडवरून पुढे नेलेल्या आउटलेट्सचा न्यूट्रल पॅनेलच्या बसवर परत जोडायचा नाही, तो जीएफसीआयच्या लोडकडेच यायला हवा, नाहीतर पुढच्या आउटलेटला काही लावताक्षणी उडेल आणि मग परत कोणीतरी म्हणेल की जीएफसीआय खराब. इंजिनरूममध्ये पेट्रोल इंजिन असेल तर साधं जीएफसीआय आउटलेट तिथे लावायचंच नाही, त्यात ठिणगी उडते. या बोटीत डिझेल, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

इन्व्हर्टरने मात्र थोडं डोकं खाल्लं. नांगर टाकून मुक्कामाला असताना हीच आउटलेट्स एका स्वस्त, गाडीत वापरायच्या हजार वॉटच्या इन्व्हर्टरवर चालायची. शोअर पॉवर काढून इन्व्हर्टरवर घेतलं आणि बाहेरून लावायच्या टेस्टरचं बटण दाबलं तर जीएफसीआय उडेना, पण त्याच्या अंगावरचं टेस्ट बटण दाबलं तर लगेच उडतंय. दोन्ही बरोबरच होतं. अंगावरचं बटण आतल्या आत रिंगला वळसा घालून करंट सोडतं, त्याला ग्राउंड लागत नाही. बाहेरचा टेस्टर फेजवरून ग्राउंडमध्ये करंट सोडतो, आणि त्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल-ग्राउंड जोडलेलेच नव्हते, त्यामुळे करंटला परतीची वाट नाही. इन्व्हर्टर हा त्या वेळी वीज तयार होण्याची जागा असतो, तिथे जोड हवा, आणि शोअर पॉवर आली की तो जोड आपोआप सुटायला हवा. हातावर काम नको, रिले हवा. यूएल ४५८ या अमेरिकन सुरक्षा मानकाच्या मरीन पुरवणीप्रमाणे बनवलेल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये हे असतं, महाग पडतं, मित्राने कुरकुर केली पण घेतला. गेटवेसमोर मूरिंगला असणाऱ्या किंवा गोव्यात नदीत नांगरलेल्या बोटींना शोअर पॉवर नसते, सगळा कारभार इन्व्हर्टरवर आणि तोही २३० व्होल्टचा, तिथल्या लोकांनी आपल्या इन्व्हर्टरचा हा जोड आणि त्याच्या पुढे आरसीसीबी आहे का हे जरूर बघावं.

शेवटी सगळं चालू ठेवून लीकेज क्लॅम्प मीटर पूर्ण शोअर केबलभोवती लावला. तिन्ही वायरी एकत्र पकडल्या की मीटरवर जे दिसतं ते पाण्यातून जाणारं असतं. शून्याच्या आसपास. मग इनलेटच्या मागे फक्त फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडले, दोन मिलिअँपिअरच्या थोडं वर, ते नव्या इन्व्हर्टर-चार्जरच्या फिल्टर कपॅसिटरचं, हिरव्या वायरीतून नीट परत जाणारं, ते राहणार. हिरव्या वायरीमुळे शेजारच्या बोटींशी गॅल्व्हॅनिक जोडही असतो, म्हणजे पाण्यातल्या वेगवेगळ्या धातूंची मिळून बॅटरी बनते आणि याच्या बोटीचं झिंक (बाकीचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) लवकर झिजतं, काही लोक त्यासाठी हिरवी वायर इंजिनपासून कापून टाकतात, ते अजिबात करायचं नाही, त्यासाठी हिरव्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसतो. तो मागवलाय, पुढच्या हॉलआउटला, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढू तेव्हा, झिंक बदलतानाच बसवू. तोपर्यंत दर महिन्याला ईएलसीआय आणि जीएफसीआय दोन्हीची टेस्ट बटणं दाबून बघायची, ते काम मित्राच्या मोठ्या मुलीने घेतलंय, आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखा लिहायला तक्ता चिकटवलाय.